बेचाळिसावा फॉर्म

कान्ह्याजवळच्या मेडिकल कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असलेल्या प्रतीक्षाने आपल्या वर्गातल्या शंभर जणांकडून अपचनाबद्दलचे फॉर्म भरून घेतले होते. नाव लिहायचं नाही, असं तिनेच सांगितलं होतं. एकसष्ट जणांना महिनोन्‌महिने जळजळ, आंबट ढेकर, पोट फुगणं. नुसत्या चहावर लेक्चर गाठणारा वर्ग, तिला नवल वाटलं नाही.

बेचाळिसाव्या फॉर्मवर मात्र ती थांबली. ‘शौचाला डांबरासारखं काळं होतं का?’ ‘हो. आठ दिवस.’ खाली बारीक अक्षरात: ‘पाठदुखीची गोळी रोज दोनदा, बहुतेक उपाशीपोटी.’

फॉर्म दोन दिवसांपूर्वीचा होता. ती तशीच वर्गात गेली. सर यायला पाच मिनिटं होती.

“आपल्यातल्या एकाच्या पोटात रक्तस्राव होतोय,” ती म्हणाली. “कोण ते मला माहीत नाही. उभं राहा, कुणी काही विचारणार नाही.”

कुणीच उठलं नाही. मागून कुणीतरी हसलं.

“मग शेजाऱ्याची खालची पापणी ओढून बघा. रक्त गेलं असेल तर आतून पांढरी दिसेल. प्रत्येकाने.”

“लाल.” “हिचीपण लाल.” तिसऱ्या रांगेत संदेश पुस्तकात मान घालून बसला होता. शेजारच्या कैलासने त्याची हनुवटी उचलली, पापणी ओढली आणि प्रतीक्षाकडे पाहिलं.

“काय रे?” प्रतीक्षाने विचारलं.

“पांढरीफटक आहे.”

संदेश उठला. “परवा परीक्षा आहे. ती झाली की दाखवणार होतो,” म्हणाला, आणि दारापर्यंत पोचायच्या आत खाली बसला. दोघांनी त्याला धरून अपघात विभागात नेलं. नाडी एकशेतीस होती.

पोटात व्रण निघाला. दुर्बिणीतून रक्त थांबवलं, तीन पिशव्या रक्त चढवलं. परीक्षा बुडाली.

दुसऱ्या दिवशी औंढ्याच्या वरच्या वाडीतून त्याची आई, चिंगीबाई आली. त्याच्या हाताला लावलेली नळी तिने बघितली.

“तीन वरसं डाक्टरकी शिकतुयास. पोट दुखतंय म्हून सांगाया आलं न्हाई व्हय?”

“समद्यांचंच दुखतंय गं आये. पयले वाटलं, माजंबी तसंच. मंग कळलं, पर भ्यालो.”

चिंगीबाई खाटेजवळ उभ्या असलेल्या प्रतीक्षाकडे वळली. “समद्यांचं? तुजंबी, पोरी?”

“हो, मावशी.” हे ती पहिल्यांदाच कुणाजवळ बोलत होती.

“सकाळधरनं काय खाल्लंस?”

“नुसता चहा.” चिंगीबाईने पिशवीतलं केळं काढून तिच्या हातात दिलं.