वाचून दाखवणारी

"बाई, ह्याला दिसत नाय. पण वकील व्हायचंच म्हणतोय. आता पुस्तकं कोण वाचून दाखवील ह्याला?"

कळवणहून पहाटेच्या एसटीने आलेली कुसाबाई ग्रंथालयाच्या दारातच विचारती झाली. शेजारी तिचा मुलगा गोरक्ष उभा होता. हातात पांढरी काठी, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. बोलण्याच्या दिशेने मान किंचित कललेली.

"मी दाखवेन की," सुवर्णा बोलून गेली.

गंगापूर रोडवरच्या त्या लॉ कॉलेजात ती सहायक ग्रंथपाल होती. वय एकतीस. वडील चिमाजी मखमलाबादला झेंडू-शेवंती करायचे. आई गेल्यावर धाकट्या भावंडांची शिक्षणं आणि लग्नं सुवर्णानेच निस्तरली, आणि त्या धांदलीत तिचं स्वतःचं राहूनच गेलं.

ते दोन हजार तीन साल. कॉलेजने नुकतेच ग्रंथालयात दोन कॉम्प्युटर बसवले होते, फोनच्या तारेवरून इंटरनेट घेतलं होतं आणि कोर्टांचे निकाल शोधायच्या एका वेबसाइटची वर्गणीही भरली होती. मुलं त्या यंत्राला बिचकायची. कुणी नुसतं 'घटस्फोट' असं इंग्रजीत टाकायचा आणि हजारो निकाल समोर आले की डोकं धरून बसायचा. सुवर्णा शेजारी खुर्ची ओढून घ्यायची. "मोघम विचारलंस तर मोघमच मिळणार. कुठलं कोर्ट, कुठलं कलम, नेमका वाद कशावर, ते टाक. आणि निकाल सापडला म्हणून लगेच नाचू नकोस. पुढे कुठल्या मोठ्या कोर्टाने तो फिरवलाय का, ते आधी बघ."

गोरक्षसाठी मात्र तिने दुपार राखून ठेवली. ती निकाल शोधायची आणि मोठ्याने वाचायची. तो डोळे मिटून ऐकायचा. मध्येच म्हणायचा, "थांबा मॅडम, मागचा परिच्छेद पुन्हा एकदा." त्याची स्मरणशक्ती अफाट होती आणि शंका तर त्याहून. कधी कधी दोघं एका वाक्यावर तासभर भांडायची. हळूहळू सुवर्णा दुपारची वाट बघायला लागली. त्याला 'अहो'वरून 'अरे' कधी म्हणायला लागली, तिचं तिलाच कळलं नाही. तो मात्र 'मॅडम'वरच राहिला. ठेवणीतल्या साड्या बाहेर निघाल्या. ज्याच्यासाठी नेसायच्या त्याला त्या दिसणार नाहीत, हे लक्षात येऊन ती आरशासमोर एकटीच हसायची.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली आणि ती मलेरियाने अंथरुणाला खिळली. परतली तेव्हा शिपायाने सांगितलं, "तो कळवणचा मुलगा रोज येऊन नुसता बसून जायचा."

"तुम्ही नव्हता ना, मी पुन्हा आंधळा झालो," गोरक्ष म्हणाला.

क्षणभर सुवर्णाला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. ती संध्याकाळ तिने विचार करण्यात घालवली. आपण आजारी पडलो की याचं शिक्षण थांबावं, आणि त्यात आपल्याला सुख वाटावं? दुसऱ्या दिवशी तिने मुंबईच्या एका अंधसंस्थेला फोन लावला. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर निघालंय, असं तिने कुठेतरी वाचलं होतं.

प्राचार्यांच्या मागे लागून तिने ते आणलं. आधी स्वतः शिकली. मॉनिटर बंद करून, डोळे मिटून, नुसत्या बटणांवर निकाल शोधून बघितला. मग त्याची बोटं बटणांवर ठेवून त्याला शिकवायला बसली. आतला आवाज अमेरिकन बाप्याचा, सपाट. निफाडला तो 'नायफॅड' म्हणायचा. गोरक्ष पोट धरून हसला. पुढचे दोन महिने ती त्याला घडवत राहिली आणि एकेक बटण त्याच्या हाताला सरावत गेलं.

एके दिवशी ती जेवून आली तेव्हा तो कानाला हेडफोन लावून बसला होता. बोटं झराझरा चालत होती. ती अगदी शेजारी जाऊन उभी राहिली, तरी त्याला पत्ता नव्हता. बऱ्याच वेळाने त्याने हेडफोन काढले.

"कोण?"

"मी."

"मॅडम, सापडला! पोटगीवरचा, मोठ्या खंडपीठाचा. पुढे कुणी फिरवलेला नाही, तेही बघितलं. सगळं माझं मी!"

"शाब्बास," ती म्हणाली, आणि आत कपाटांच्या रांगेत जाऊन लावलेलीच पुस्तकं पुन्हा लावत बसली.

शेवटच्या वर्षाची परीक्षा तो पहिल्या वर्गात पास झाला. निरोप घ्यायला आला तेव्हा वाचनकक्ष रिकामा होता. सुवर्णाने आयुष्यात कधी केलं नव्हतं एवढं धाडस केलं.

"गोरक्ष, मी तुझ्याबरोबर कळवणला आले तर?"

"काही कार्यक्रम आहे का मॅडम?"

"नाही. कायमची."

तो काठीची मूठ चाचपत राहिला. मग म्हणाला, "सुवर्णा..."

त्याच्या तोंडून तिचं नाव पहिल्यांदाच येत होतं. पण ज्या सुरात आलं, त्यावरून तिला पुढचं कळून चुकलं.

"जन्मभर कुणी ना कुणी हात धरून नेलं मला. तुमच्यामुळे आत्ता कुठे एकटा चालायला लागलोय. पुन्हा कुणाचा हात धरायची भीती वाटते. मी लग्नच नाही करणार."

त्याचं म्हणणं तिला पटलं, हीच खरी पंचाईत झाली. भांडायलाही जागा राहिली नाही. तो कळवणच्या कोर्टात वकिली करू लागला. तो आपला झाला नाही, पण कुणाचाच नाही, एवढ्यावर तिने दोन वर्षं काढली.

मग दिवाळीनंतर तो आला, बायकोला घेऊन. मनीषा सटाण्याकडची, हसरी, बोलकी. तिने वाकून नमस्कारच केला.

"ताई, तुमचं नाव रोज निघतं आमच्या घरात."

"ते बोलणारं सॉफ्टवेअर चालतंय ना नीट?" दुसरं काही सुचेना म्हणून सुवर्णाने विचारलं.

"कामाला वापरतात की. पण घरी मलाच वाचायला लावतात हो. पेपर, केसचे कागद, सगळं. म्हणतात, त्या यंत्रात जीव नाही, तू वाच."

सुवर्णाने गोरक्षकडे बघितलं. त्याचा चेहरा पडला होता. मनीषा पाणी प्यायला बाहेर गेली तसा तो पुढे झुकला.

"मॅडम, तेव्हा मी खोटं नव्हतो बोललो. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं."

"माहीत आहे मला."

"रागावलात?"

"नाही रे."

आणि खरंच राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्याला हात धरायची भीती नव्हतीच. फक्त हा हात नको होता. तो खोटं बोलला नव्हता, ते त्याचं त्यालाही तेव्हा ठाऊक नव्हतं, एवढंच.

ती दोघं गेल्यावर पहिल्या वर्षाची मुलं आली. सुवर्णाने नेहमीसारखं सुरू केलं, "मोघम विचारलंत तर..." आणि वाक्य अर्धंच सोडून ती पडद्याकडे बघत राहिली. निकिता नावाच्या मुलीने गुपचूप तिच्या हातातला माउस घेतला. "मॅडम, तुम्ही बसा. मला येतं, मी दाखवते यांना."

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा चिमाजी वाफ्यात शेवंती खुडत होते. ती चपला काढून तशीच बांधावर बसली.

"काय गं, बरं नाय का?"

आणि तिने सांगून टाकलं. पहिल्या दिवसापासून सगळं. चिमाजी खुडता खुडता थांबले. ती बोलायची थांबली तेव्हा त्यांनी टोपली खाली ठेवली.

"तवाच का नाय सांगितलं मला? मी गेलो असतो कळवणला. बोललो असतो त्याच्या आईशी."

आपल्यासाठी कुणी शब्द टाकायला जाऊ शकतं, हे सुवर्णाच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"काय बोलला असता, नाना?"

म्हातारा जरा गडबडला. मातीचे हात धोतराला पुसत म्हणाला, "हेच की... माझी पोर लय गुणाची हाय. तिला नाय म्हणू नका."

मग मात्र तिला आवरलं नाही.