बोडीकाठचं पट्टेरी पिल्लू

कुंताबाईला आयुष्यात कोणी सरळ दिसलंच नाही. दूधवाला हसला, की तिला वाटायचं, आज पाणी जास्त घातलं असेल. आणि दीर टिकाराम? त्याला तर ती लग्न होऊन आसगावात आली तेव्हापासून पाण्यात पाहायची. म्हणून गावाच्या व्हॉट्सॲपवर ‘बोडीजवळ वाघाचं पिल्लू आहे, बायांनी तिकडे जाऊ नये’ असा फोटो आला आणि वर टिकारामचं नाव दिसलं, तेव्हा तिला वाघाआधी दीरच दिसला.

बोडीच्या तळ्याला लागूनच तिच्या तीन बांध्या, धानाचे बांध घातलेले तुकडे. कापलेल्या धानाच्या कडपा जमिनीवर पसरलेल्या आणि वर आभाळ भरून आलेलं. भारे बांधून त्यांचा उंच ढीग, पुंजणं, रचलं नाही, तर एका सरीत धान जागेवरच कोंब धरणार आणि वर्षाचं खाणं मातीत जाणार. पण फोटो पाहून भारे बांधायला येणाऱ्या रुखमिणीच्या मजूर टोळीतल्या आठही बाया घरी बसल्या. टिकारामचं पुंजणं मात्र कालच रचून झालेलं!

“पाय वो रुचिका, सोताचं आटपलं आन् माह्यं अडवलं. आजच बरा वाघ निंघाला?”

“माय, काकावर कायले शक घेऊन राहिली? पट्टे दिसून राहिले ना फोटोत,” लेक म्हणाली.

कुंताबाईनं काठी उचलली आणि सरळ बोडी गाठली. मागोमाग रुचिका. बेशरमाच्या झुडपात पिल्लू होतं खरं. तांबूस अंगावर काळे पट्टे, कान लोंबते, बरगड्या वर आलेल्या. कुंताबाईला पाहून त्यानं शेपूट हलवलं. घ्या! शेपूट हलवणारा वाघ!

रुचिकानं मोबाइल काढला. “हे पाय माय, बॉक्सर, ग्रेट डेन... असेच पट्टे असतेत यायले. गावठी कुत्र्यातबी निंघते म्हन्ते.”

मग काय विचारता! पिल्लू काखेत मारून कुंताबाई चावडीवर. “हे पाहा टिकारामचा वाघ! कुत्रं होय, कुत्रं! माह्या धानावर टपला हा खोटारडा!”

टिकाराम तिथंच उभा होता. “वयनी, मले जे दिसलं ते टाकलं मी,” एवढंच तो बोलला.

रुखमिणी मात्र चार पावलं मागे सरकली. “अवो बाप्पा! पिल्लू उचलून आणलंत? आता त्याची माय वासावर येईन तुमच्या बांधीत!”

रुचिकानं फोटो दाखवले. “मोबाइलमदी काय बी दाखवतेत,” रुखमिणी म्हणाली. आणि सकाळपासून घरी बसली होती ती कशाच्या जोरावर? मोबाइलच्याच ना! “कुत्रं होय त भुकत काहून नाई?”

सगळे पिल्लाच्या तोंडाकडे बघत राहिले. कुंताबाईनं गुपचूप चिमटा काढला. पिल्लानं जांभई दिली. झालं! हात दाखवून अवलक्षण. आता तर तिच्या बांधीत कोणी पाऊल ठेवायला तयार होईना.

दुसऱ्या दिवशी फटफटताच मायलेकी बांधीत गेल्या. पश्चिमेकडे गडगडत होतं. दोघींचे चार हात आणि तीन बांध्या. पाच भारे बांधले आणि कुंताबाईला रडूच फुटलं.

तेवढ्यात धुऱ्याच्या बांधावरून ठण् ठण् ठण् आवाज आला. टिकाराम डबा बडवत येत होता, खांद्यावर भारे बांधायचे दोर. आला मेला तमाशा पाहायला, तिच्या मनात आलं. पण त्यानं डबा खाली ठेवला आणि कडपा गोळा करायला घेतल्या. ती डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत राहिली. एवढ्या गारठ्यात त्याच्या कपाळावर घाम होता. झुडपात बगळा फडफडला, तर गडी हातातला भारा टाकून दोन हात उडाला. तो खरंच घाबरला होता. वाघीण इथंच कुठंतरी बसलीय, अशी त्याची अजून खात्री होती, आणि तरी तो आला होता.

“भाऊजी,” ती हळू आवाजात म्हणाली, “ते कुत्रंच होय वो.”

“असन वयनी. पण तुमी दोघी मधात राहा. झुडपाकडचं मी बांधतो.”

कुंताबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठली, बांधी ओलांडून झुडपाच्या बाजूला त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“सरका,” ती म्हणाली, आणि कडेची कडप तिनं स्वतः उचलली.