लखीरामचा चेहरा

दिवसभर बसून इंद्रजित कागदावर तळहाताएवढी जागा भरायचा. दारव्ह्यातल्या घरामागच्या टिनाच्या खोलीत, उत्तरेकडच्या खिडकीखाली त्याचं टेबल होतं. त्यावर कपाशीच्या एका झाडाचं चित्र चाललं होतं, निव्वळ काळ्या शाईच्या ठिपक्यांनी. सावली हवी तिथे ठिपके दाट, उजेड हवा तिथे कागद कोरा. पानाची एक शीर उतरवायला दुपार जायची. मागचा हंगाम आणि हा धरून सात महिने झाले होते आणि झाड अजून अर्ध्यावरच होतं.

तोडलेली फांदी दोन तासांत मान टाकते, म्हणून तो रोज सकाळी लखीराम राठोडच्या शेतातून ताजी फांदी आणायचा. तांड्यावरचा लखीराम त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा. फांदी तो स्वतः निवडून द्यायचा, अळीनं पोखरलेलं बोंड असेल तर मुद्दाम. हेही काढा पेंटर, म्हणायचा. हे नाही काढलं तर चित्र खोटं होईल.

त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती. भादव्यात एका सकाळी फवारणीचा मजूर आला नाही, तेव्हा इंद्रजितनं आपणहून दुसरा पंप पाठीवर घेतला. इतके महिने फांद्या नेतो, एक दिवस हात लावावा, एवढंच त्याच्या मनात होतं. झाडं उंच, नळी वर धरावी लागे, आणि वारा फिरला की औषध दोघांच्या तोंडावर येई. दुपारी इंद्रजितला ओकाऱ्या सुरू झाल्या. तोवर लखीराम धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच, आडवा झाला होता. दोघांना एकाच जीपमधून यवतमाळला नेलं. लखीराम तिसऱ्या दिवशी गेला. इंद्रजित बाराव्या दिवशी घरी आला.

आल्यावर त्याला रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचता येत होती. पण टेबलावर वाकला की सगळं धुरकट. थांबा, येईल नजर, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. त्याला थांबवेना. बायकोला, रुपालीला, काही न सांगता तो टेबलाशी बसू लागला, हाताच्या सवयीवर ठिपके देत. चौथ्या दिवशी रुपाली चहा घेऊन आली आणि मागेच उभी राहिली.

"तुम्ही भरलेल्या पानावरच ठिपके देऊन राह्यले," ती हळूच म्हणाली.

अख्खं पान काळं ठिक्कर झालं होतं. महिनाभराचं काम. इंद्रजितनं पेनाला टोपण लावलं आणि दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

अशात लखीरामची बायको जमनी आली. पदराच्या गाठीतून तिनं नवऱ्याचं मतदानाचं कार्ड काढलं. त्याचा दुसरा फोटोच नव्हता. "ह्याच्यात ते चोरावानी दिसते," ती म्हणाली. "मले घरात लावाले त्यायचा चेहरा पाह्यजे."

दिसत नाही, असं त्याच्या तोंडातून निघेना. एकाच जीपमधून गेले होते, परत हा एकटा आला होता. आठ दिवसांत देतो, म्हणाला.

मग त्यानं भिंग आणलं. एका हातात भिंग, दुसऱ्यात पेन्सिल. कार्डावर पाहायचा तेवढं दिसे, कागदाकडे वळला की हरवे. रुपालीला तो दर घटकेला विचारायचा, डोळे सारख्या उंचीवर आहेत ना? नसायचे. तो खोडायचा. खोडून खोडून कागदाची लव निघाली, मग भोक पडलं. दुसरा कागद, तिसरा. तो जेवेना. रुपालीनं एकदा भिंग लपवलं, तर तो तिच्यावर एवढा ओरडला की ती रडत माहेरी फोन करायला गेली.

आठव्या दिवशी जमनी दारात उभी राहिली तेव्हा दाखवायला काही नव्हतं.

"वहिनी, मले जवळचं दिसत नाही," इंद्रजित म्हणाला. "तुमाले खोटं सांगतलं. माह्या हातून होत नाही."

जमनी उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "तुम्ही त्यायले जवळून कधी पाह्यलं? धुऱ्यावरूनच तर पाहत होते."

इंद्रजितनं भिंतीला मोठा कागद ठोकला. वेताच्या काठीला कोळसा बांधला आणि काठी जेवढी लांब, तेवढा मागे सरकून उभा राहिला. रेघ दिसली. ठिपक्यांना सरावलेल्या हाताला लांब काठी आवरत नव्हती, रेघ कुठेही पळत होती. जमनी बसल्या जागी सांगत होती: नाक असं नव्हतं, गाल बसलेले होते, टोपी कायले घातली, ते टोपी घालत नव्हते. त्या दिवसाचा कागद फुकट गेला. दुसऱ्या दिवशीचाही. ती रोज कामावर जायच्या आधी यायची, आणि लखीराम धुऱ्याच्या त्या टोकाला उभा राहून दुरूनच फांदी दाखवायचा ते आठवत इंद्रजित काठी फिरवायचा, खांदा भरून येईपर्यंत.

पाचव्या सकाळी तिनं काही चूक काढली नाही. जवळ गेली, मागे आली.

"कपाळ त्यायचं हाये," ती म्हणाली. "बाकीचं नाही."

"आणखी एक काढतो."

"नोका काढू. बाकीचं मले आठवते."

तिनं कागदाची गुंडाळी केली, कोळसा पुसला जाऊ नये म्हणून वरून लुगड्याचा धडपा बांधला. तांड्याकडची जीप भरली होती. ती मागच्या फळीवर उभी राहिली, एका हातानं दांडा धरून, दुसऱ्या हातानं गुंडाळी उंच धरून. जीप वळणाआड जाईपर्यंत इंद्रजितला ती स्पष्ट दिसत होती.