भाव पडावा म्हणून

ओहायोत कुत्र्यांची बिस्किटं बनवणाऱ्या आमच्या कंपनीचा सर्वांत बडा साहेब रँडल प्रुइट गुरुवारी सकाळी ऑफिसात आला तो उसवलेला स्वेटर घालून.

"लोरेन, मी बुडालेला दिसतो का?"

"रोज दिसतोस त्यापेक्षा जरा जास्त," मी म्हटलं. कंपनीचं प्रसिद्धीचं काम माझ्याकडे.

त्या दिवशी त्याला स्टॉक ऑप्शन मिळणार होते. म्हणजे संध्याकाळी बाजार बंद होताना शेअरचा जो भाव असेल, त्याच भावाने पुढे कधीही ढीगभर शेअर घ्यायचा हक्क. आज भाव जितका खाली, तितकी उद्या चंगळ. साहेबाने भाव चढवायला राबावं म्हणून हे देतात, आणि हा पठ्ठ्या तोच पाडायला टीव्हीवर निघाला होता! माझं डोकंच फिरलं.

"तळ्याकाठचं घर घ्यायचंय गं," तो काकुळतीला येऊन म्हणाला.

टीव्हीवर त्याने तोंड पाडून सांगितलं, "आमची बिस्किटं दगडासारखी आहेत. कुत्री नाइलाजाने खातात." पुरावा म्हणून त्याने एक स्वतः चावलं. पण गडी उपाशीपोटी आलेला. बोलता बोलता त्याने अख्खा पुडा संपवला.

लोक फिदा झाले. असा सच्चा साहेब कुठे मिळतो! कडक बिस्किटाने कुत्र्यांचे दात साफ राहतात, असं कुणा जनावरांच्या डॉक्टरने लिहिलं आणि भाव सुसाट सुटला. घाबरून रँडल पुन्हा कॅमेऱ्यासमोर गेला आणि म्हणाला, मला हिशोबातलं ओ की ठो कळत नाही. भाव आणखी चढला.

बाजार बंद झाला तेव्हा भाव दुप्पट. संचालक मंडळाची अध्यक्ष बेव्हर्ली केक घेऊन धावत आली. "रँडल, ऑप्शन देतो ते याच्यासाठीच!" तो हमसून हमसून रडला.

"बघा, कंपनीवर किती जीव आहे याचा!" ती म्हणाली.

शुक्रवारी तो नवा सूट घालून पुन्हा टीव्हीवर गेला. आता भाव याहून वर गेला तरच ऑप्शनचा उपयोग होता. कंपनी किती उत्तम आहे, हे त्याने जीव तोडून सांगितलं. लोकांना लगेच संशय आला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत भाव होता तिथे परत, आणि ऑप्शन रद्दीत जमा.

मला त्याची खरंच दया आली. मी माझं अर्धं सँडविच त्याच्यापुढे सरकवलं.

"छान झालंय," तो म्हणाला.

"हळू बोल," मी म्हटलं. "पावाचा भाव पडेल."