साडूची पेटी

चष्मेवाल्याने आयुष्यात एकाच माणसाचा मत्सर केला, पण तो पंधरा वर्षं मन लावून केला. तो माणूस म्हणजे त्याचा साडू.

साडू लिफ्ट दुरुस्त करायचा. इमारतीत शिरायचा, कान लावायचा आणि पाच मिनिटांत दुखण्यावर बोट ठेवायचा. "बिघाड एकच असतो. तो भाग काढला की झालं. बाकी सगळी बडबड," एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. चष्मेवाल्याला घरचा पंखा निवडायला तीन आठवडे लागले होते, आणि घेतल्यावर महिनाभर तो न घेतलेल्या पंख्यासाठी हळहळत होता. नळ गळायला लागला तरी आधी 'माझ्याच घरचा का' यावर त्याचा विचार चालायचा. बायको म्हणायची, "नळ त्याचं काम करतोय, तुम्ही तुमचं करा. भाऊजी असते तर एव्हाना हात पुसत बसले असते."

तीन महिन्यांपूर्वी साडूने तपासलेली एक लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये घसरली आणि एका बाईचा पाय मोडला. चौकशी झाली, साडूला कामावरून उचलून ऑफिसात टेबलामागे बसवलं. चष्मेवाल्याला वाईट वाटलं. म्हणजे, वाटून घ्यायचा त्याने प्रयत्न केला. आतून मात्र गुदगुल्या होत होत्या.

त्याही फार टिकल्या नाहीत. बायको बहिणीकडे जाऊन आली ती कौतुक भरभरून घेऊनच. "भाऊजींनी आठवड्यात सगळं घर लावलं! कागदपत्रं फायलीत, प्रत्येक फायलीवर चिठ्ठी. कुठला कागद कधी लागतो ते ताईला समजावून सांगितलं. प्लंबरचा नंबरसुद्धा लिहून दिला. मध्ये किती गप्प झाले होते, आता कसे शांत, हसरे. नाहीतर आपले कागद! तीन पिशव्यांत, आणि चौथी पिशवी कुठे आहे ते देवाला ठाऊक."

चष्मेवाला त्या रात्री जेवला कमी आणि जळला जास्त.

बुधवारी दुपारी तो एका आजीबाईंचे डोळे तपासत होता. त्यांच्या नाकावर तपासणीची जड चौकट होती आणि तो काचा बदलून विचारत होता, "हे बरं, की आधीचं?" तेवढ्यात साडू आला. त्याने आपली हत्यारांची पेटी काउंटरवर ठेवली.

"ही तुम्हाला."

चष्मेवाल्याचा कानांवर विश्वास बसेना. या पेटीला साडू कोणाला हात लावू देत नसे. एकदा नुसती पक्कड मागितली, तर हा पक्कड घेऊन स्वतः आला, काम केलं आणि पक्कड परत घेऊन गेला. चष्मेवाल्याने झाकण उघडलं. प्रत्येक हत्यार आपापल्या खोबणीत, तेल लावून पुसलेलं. दीड मिनिट तो अत्यंत सुखात होता. मग नेहमीची कळ आली: इतकी चांगली पेटी सोडतोय, म्हणजे हिच्याहून भारी घेतली असणार.

"नवी कुठली घेतलीत?"

"नाही घेतली. टेबलावर काय लागतंय?"

"आणि घरी? घरी काही बिघडलं तर?"

"सगळं करून ठेवलंय. वर्षभर काही बिघडणार नाही."

"आणि त्यानंतर?"

साडूने पेटी त्याच्याकडे आणखी सरकवली.

जळणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या घरातली काडीन् काडी पाठ असते. फायली, चिठ्ठ्या, प्लंबरचा नंबर, अचानक आलेलं हसू आणि आता ही पेटी. आठवडाभर चष्मेवाला ज्या एकेका गोष्टीवर चरफडला होता, त्या सगळ्या त्याच्यासमोर एका ओळीत उभ्या राहिल्या.

"साडूबुवा," तो म्हणाला, "जीव द्यायचं मनात आहे का?"

"बिघाड सापडला," साडू अहवाल वाचावा तसा म्हणाला. "ती लिफ्ट, त्या बाईचा पाय, हिची रडारड. कुठूनही बघा, भाग एकच निघतो. मी. तो काढला की बाकीचं सुरळीत."

चष्मेवाला घाबरला होता. पण पंधरा वर्षांत साडू पहिल्यांदाच धडधडीत चुकला होता, आणि ही संधी सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"चूक! किती उत्तरं तपासलीत?"

"एक पुरतं."

"मला पंख्याला तीन आठवडे लागले."

"तो अजून खडखडतो."

"खडखडतो ना! पण उद्या बदलता येतो. तुमचं हे बदलता येईल का?"

मग चष्मेवाल्याने पर्यायांचा जन्मभराचा माल बाहेर काढला. दुसरी नोकरी बघा. लांब रजा घ्या. ताईंना सगळं सांगा. त्या बाईला भेटून या. माझ्याकडे काचा घासायला बसा.

"काचा तुम्ही वाकड्या घासता."

"मग सरळ घासून दाखवा."

"आणि त्या बाईला काय तोंड दाखवू?"

"आहे तेच. दुसरं कुठून आणणार?"

साडूच्या नाकातून हसण्यासारखं काहीतरी निघालं आणि पाठोपाठ डोळे भरले. "झोप येत नाही हो. तीन महिने. डोळे मिटले की ती लिफ्ट घसरते."

"मी एक बोलू?" खुर्चीतून आवाज आला. आजीबाई दोघांच्या मधल्या भिंतीकडे बघत होत्या. "मला दिसत नाहीये, पण ऐकू स्वच्छ येतंय. माझ्या सुनेचं असंच झालं होतं. दोन गल्ल्या पुढे मनाच्या डॉक्टर आहेत. वर्ष लागलं, पण पोरगी सावरली. आत्ताच्या आत्ता न्या. माझ्या चष्म्याची घाई नाही."

चष्मेवाल्याने आजीबाईंना चौकटीसकट बाहेर आणलं, शटर ओढलं आणि साडूचं मनगट धरलं, ते दवाखान्यापर्यंत सोडलं नाही. दुसऱ्या हाताने त्याने ताईंना फोन केला.

डॉक्टरीणबाईंनी साडूला आत घेतलं. ताई धावत आल्या, मागून बायको आली. रडून झाल्यावर बायकोने डोळे पुसले आणि सवयीने म्हणाली, "भाऊजी कसे एका शब्दात आले बघा. तुम्हाला दातांच्या डॉक्टरकडे न्यायला दोन वर्षं लागली."

चष्मेवाल्याचं लक्ष बंद दाराकडे होतं. तास होत आला. आतून साडूचा आवाज येत होता, सलग, मध्येच अडखळत, पुन्हा सुरू होत. हा माणूस त्याच्याशी पंधरा वर्षांत मिळून एवढं बोलला नव्हता.

"एवढं काय सांगतोय तिला?" तो पुटपुटला. "मला पाच वाक्यं, आणि आत्ता भेटलेल्या डॉक्टरीणबाईला तासभर?"

"बोलतायत ना," ताई म्हणाल्या. "बोलू दे."

त्याने खुर्ची दाराच्या आणखी जवळ ओढली. शब्द कळत नव्हते. आवाज मात्र थांबत नव्हता, आणि तो थांबू नये असं त्याला जळता जळता वाटत होतं.