वाकडी अंथरलेली गादी

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे, पण झोपायची नव्हे, पडायची. माझ्या वर, छताच्या लोखंडी कडीतून, कापडाचे दोन लांब पट्टे लोंबतात. मुलं त्यांवर चढतात, ते अंगाभोवती गुंडाळून घेतात आणि हात सोडून उलटी लटकतात. वेढा नीट बसला तर पट्टा त्यांना धरतो. नाही बसला तर धरायचं काम माझं.

कारखान्यात माझ्या पोटात जाड फोम भरला, वर निळं रेक्झिन चढवलं आणि बाजूने चेन लावली. शिवणाऱ्या बाईने मला थोपटून म्हटलं, "जा, पोरांना सांभाळ." ते मी फारच मनावर घेतलं. पण जन्मभर खालून वर बघत राहिलं की स्वभाव संशयी होतो. त्या कडीवर माझा कधी विश्वास बसला नाही. पट्ट्यांवर तर मुळीच नाही, कारण सगळे त्यांना रेशीम म्हणायचे आणि कापड होतं नायलॉनचं. नावातच खोट असलेल्यांवर भिस्त कशी ठेवायची?

किती मुलं माझ्यावर पडली, त्याची गणती नाही. "गादी होती म्हणून वाचलो," असं कुणी म्हटलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

सगळ्यात जास्त संशय मला ताईचा यायचा. ताई म्हणजे मुलांना शिकवणारी. रोज सकाळी वर्ग भरण्याआधी ती माझ्याजवळ गुडघे टेकायची आणि मला मुठीने दाबून बघायची. आधी कडा, मग मध्यभाग. एक शब्द बोलायची नाही. माझ्या मनात पाल चुकचुकायची. पुढे पुढे तर ती मला वाकडी अंथरू लागली. माझं एक टोक पट्ट्यांखाली आणि बाकीचं सगळं अंग भिंतीकडे. भर वर्गात असा अपमान! एक दिवस तिने मुलांना बजावलं की नवी गादी येईपर्यंत तिच्या डोक्यापेक्षा उंच कुणी चढायचं नाही. नवी गादी म्हणे! कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला वाटत होतंच.

माझा जीव होता तो फक्त खारीवर. भराभर चढते म्हणून त्या मुलीचं नाव खार पडलं होतं. ती मला कधी तपासायची नाही. हात पसरून खुशाल पाठीवर पडायची आणि माझ्यावरच लोळत हसायची.

खार तेव्हा एक अवघड वेढा शिकत होती. पट्टा एका पायाला गुंडाळायचा, पाठीमागून कमरेभोवती आणायचा आणि शेवटी दुसऱ्या मांडीच्या पुढून खाली सोडायचा. हा शेवटचा वेढा चुकून मांडीच्या मागून गेला, तरी वर लटकणाऱ्याला सगळं ठीकच वाटतं. पण हात सोडले की सारं उलगडत खाली येतं. जमिनीजवळ खारीला तो कधी जमायचा, कधी नाही.

एका संध्याकाळी तिचे बाबा तिला न्यायला लवकर आले. ते लाद्या बसवायचं काम करायचे, त्यामुळे वाकडं काही त्यांना बघवायचं नाही. ताई दाराशी कुणाच्या तरी आईशी बोलत होती. बाबांनी मला ओढून लाद्यांच्या रेषेत सरळ केलं. माझा मध्यभाग बरोबर पट्ट्यांखाली आला. अखेर कुणीतरी मला माझी जागा दिली, म्हणून मी सुखावले.

"बाबा, उंचावरून करून दाखवू?" खारीने हळूच विचारलं.

"गादी आहे ना खाली, मग काय भीती?" बाबा म्हणाले.

खार सरसर वर गेली. पाय झाला, कंबर झाली. शेवटचा वेढा मात्र मांडीच्या मागून गेला. मी खालून स्पष्ट पाहिलं. आणि मला काय वाटलं सांगू? पडू दे, असं वाटलं. हिला एकदा मी झेललं की ताईचं तोंड बंद होईल.

तेवढ्यात ताई वळली. ती ओरडली नाही. झरझर आली आणि माझ्या मधोमध तिने एक गुडघा टेकला. खट्कन आवाज झाला. गुडघा खालच्या लादीवर आपटला होता.

"हात सोडू नकोस," ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली. "शेवटचा वेढा कुठून गेलाय?"

"पुढून."

"बघून सांगतेस की आठवून?"

खारीने खाली माझ्याकडे पाहिलं. मग बारीक आवाजात म्हणाली, "पण खाली गादी आहे ना?"

"नाही. खाली गादी नाही असंच समज. हात लाव आणि सांग."

खारीने एका हाताने पट्टा घट्ट धरला आणि दुसऱ्याने मांडी चाचपली. "मागून गेलाय, ताई."

ताईने तिला एकेक वेढा उलट क्रमाने काढायला लावला आणि ती सरकत हाताशी येताच तिला धरून उतरवलं. बाबांनी माझ्या मध्यभागी मूठ दाबली. ती थेट लादीला टेकली. "मीच सरळ केली होती," एवढंच ते म्हणाले.

मित्रांनो, मी कडीवर संशय घेतला, पट्ट्यांवर घेतला, ताईवर तर रोज घेतला. स्वतःच्या पोटाची शंका मला एकदाही आली नाही. इतकी वर्षं धपके खाऊन माझ्या मधला फोम बसला होता. ताईला ते मुठीने कळलं होतं. माझं जे टोक अजून भरीव होतं, तेच ती मुलांखाली ठेवत होती. मला तो अपमान वाटला, आणि माझ्या लाडक्या खारीचं हाड त्या दिवशी माझ्याच तोऱ्यापायी मोडलं असतं. अजून आठवलं की लाज वाटते.

आता नवी गादी आली आहे. मी भिंतीला लागून असते आणि न्यायला आलेले आईबाबा माझ्यावर बसतात. ताई रोज सकाळी त्या नवीला मुठीने दाबून बघते. नवी कुरकुरते, हे मला ऐकू येतं. माझ्यावरून मात्र ताई तशीच पुढे जाते. मला आता कुणी तपासत नाही, आणि ते फार लागतं.

म्हणून एक विनवणी आहे. "पोचलीस का, जेवलास का, नीट बांधलंस का," असं कुणी रोज विचारत असेल, तर त्याच्यावर चिडू नका. आणि ज्याच्या जिवावर तुम्ही निर्धास्त असता, त्यालाही अधूनमधून दाबून बघत जा. तो आतून बसत चालला असेल, आणि त्याचं त्यालाही ठाऊक नसेल.

काल खार दमून माझ्याकडे आली. बसण्याआधी तिने मूठ वळली आणि माझ्या मधोमध दाबून पाहिलं. मग ती काठाकडे सरकून बसली. मला फार बरं वाटलं.