माझ्या हाडातला मगज

माझी लेक सौंदर्या गाडीवरून पडली, नडगीचं हाड मोडलं आणि आत पू होऊन सडलं. कोल्हापूरच्या डॉक्टरनं सडका तुकडा कापून काढला. मधे बोटभर पोकळी राहिली. तिथं कारखान्यात बनवलेल्या हाडाचे पांढरे दाणे भरायचे, त्यात हाडातला मगज कालवायचा, म्हणजे काही महिन्यांनी नवं हाड धरतं, असं तो म्हणाला.

"मग माझा काढा की! गडहिंग्लजचं हाड हाय. ज्वारीवर पोसलेलं."

"आजी, दुसऱ्याचा चालत नाही. तिच्याच कमरेच्या हाडातला घेणार."

"दुसऱ्याचा? ही काय बाजारातनं आणलीया व्हय?"

तो हसला. मला हसू आलं नाही. माझ्या पोटात वाढलेली पोर, आणि आता मी दुसरी!

ऑपरेशन झालं. पोरीला पायापेक्षा कंबर ठणकत होती. मी तिथं हात ठेवून बसले. लग्न झाल्यापासून एवढा वेळ ती माझ्याजवळ नव्हती. सणाला सकाळी यायची, म्हशींच्या धारेला परत. रात्र एक नाही.

घरी सोडायची वेळ आली तसं मी सांगून टाकलं, "हिला मी नेणार. पाय टेकायचा न्हाय म्हणून खुर्चीचा संडास बसवून घेतलाय."

विहीण तानाबाई मुरगूडची, मराठ्याची. जात वेगळी, पण जीभ माझ्यासारखीच. "न्या की! आणि दर म्हैन्याला हाडाचा फोटो काढाय? गडहिंग्लज उचलून कोल्हापूरजवळ ठेवणार काय?"

सौंदर्या खाली बघून म्हणाली, "अव्वा, मुरगूडच जवळ पडतंय. पोरगंबी तिथंच हाय."

आमच्यात आई लेकीच्या सासरी मुक्काम करत नाही. पाणीसुद्धा पीत नाही. माझ्या आईनं पाळलं, मी पाळलं.

जीप आली. पोरीला आडवी केली, पायाखाली उशी सारली. ड्रायव्हर दार लावायला लागला, तशी मी पिशवीसकट आत चढले.

"विहीणबाई, तुम्ही कुठं?"

"मुरगूडला."

"आमच्यात मटण शिजतंय बरं का."

"शिजू दे. माझी भाकरी मी थापून खाईन."

"आणि पाणी?"

"नळाचं. ते नगरपालिकेचं हाय, तुमचं न्हवं."

तानाबाई खो खो हसली आणि सरकून बसली. जीप हलली. पोरीचा डोळा लागला होता. मी तिच्या पट्ट्या बांधलेल्या पायाकडं बघत राहिले. हाड जरा सावकाश धरू दे, असं मनात आलं, आणि मी जीभ चावली.